बाबांनी दोन तिकिटं काढली आहेत

पत्र:

ताई, मी २९ वर्षांची आहे. मूळची कोल्हापूरची, सध्या नोकरीसाठी पुण्यात. आमचं घर पेठेतलं. बाबा आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. त्यांची डाव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे, एक पेनल्टी अडवताना मोडली होती. लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर बसून शाहू स्टेडियमवर जायची. मी अकरा वर्षांची झाले आणि एके दिवशी बाबा धाकट्या भावाला घेऊन गेले, मला नाही. 'आता मोठी झालीस, तिथं शिव्या असतात,' एवढंच आई म्हणाली. नंतर तो विषय घरात कुणी काढला नाही.

पुढे मी टीव्हीवर इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबचा फुटबॉल बघायला लागले. २०१४ मध्ये चेल्सीविरुद्ध आमचा कर्णधार जेरार्डचा पाय घसरला, त्या संध्याकाळी मी जेवले नाही. बाबा दारात उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत. २०१९ मध्ये बार्सिलोनाला ४-० हरवलं तेव्हा रात्री अडीच वाजता हॉस्टेलच्या गच्चीवर एकटीच नाचले. ही टीम माझी आहे, एवढं मला कळतं. पण भाऊ म्हणतो, 'तुझं लिव्हरपूल काय तुला चहा पाजायला येणार हाय व्हय? घरची तालीम सोडून उसनवारी करतीस.' मी ते शहर पाहिलेलं नाही. कधी कधी मलाच वाटतं, त्याचं खरं असेल.

चार दिवसांपूर्वी बाबांचा मेसेज आला: 'शनिवारी फायनल आहे. दोन तिकिटं काढली आहेत.' भाऊ कामासाठी बाहेरगावी आहे. म्हणजे दुसरं तिकीट माझं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. अठरा वर्षांनी आता बोलावतात आणि मी लगेच धावत जाऊ? आणि मनात दुसरीच टीम असताना तिथं जाऊन बसणं खोटं नाही का?

*

प्रिय मुली,

पुढचं वाचायच्या आधी फोन उचल आणि बाबांना 'येते' एवढं लिहून पाठव. बाकीचं आपण सावकाश बोलू. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा चार दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे आहेत, आणि आयुष्यभर दोन खांबांच्या मधे उभं राहिलेल्या माणसाला वाट बघणं काय असतं ते चांगलं ठाऊक असतं. तुझा राग खरा आहे. तो घेऊनच जा. तिथं पोचायला तो आड येत नाही.

आता तुझा प्रश्न. न पाहिलेल्या शहरातल्या टीमवर जीव लावणं खोटं आहे का?

१९८६ साली मी दहावीत होते. मेक्सिकोतला विश्वचषक दूरदर्शनवर थेट दिसत होता आणि आमच्या गिरगावातल्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या बाहेरच्या खोलीत मध्यरात्री पंचवीस माणसं बसलेली असायची. ब्राझील-फ्रान्स. झिकोची पेनल्टी फ्रान्सच्या गोलकीपरनं अडवली आणि नंतर टायब्रेकरमध्ये ब्राझील हरलं. मी जिन्यात बसून रडले. ब्राझील नकाशावर नेमकं कुठं आहे ते मला भूगोलाच्या पेपरपुरतंच माहीत होतं. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं, हे मी आज पंचावन्नाव्या वर्षीही सांगू शकते. माणसाला सुंदर खेळ दिसला की माणूस त्याचा होतो. त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही.

तुझ्या भावालाही हे माहीत आहे, फक्त त्यानं तसा विचार केलेला नाही. विश्वचषक आला की तुमच्या कोल्हापुरात पेठांमधून ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनीचे झेंडे लागतात, गल्लीच्या तोंडाशी मेस्सी आणि रोनाल्डोचे फलक उभे राहतात. रात्र रात्र जागून सामने बघणारी हीच पोरं तालमीचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर हजर असतात. त्यांना कुणी उसनवारी म्हणत नाही. मग तुलाच का म्हणायचं? कारण त्यांना मैदान आहे आणि वर अर्जेंटिना. तुझ्याकडून मैदान काढून घेतलं, आणि लिव्हरपूल तेवढं उरलं. ते उरलेलं तू जिवापाड सांभाळलंस, तर त्याचाच आता दोष निघतोय.

म्हणून मला तुझ्या पत्रातला सगळ्यात मोठा मजकूर 'आता मोठी झालीस' हा वाटला. लिव्हरपूल त्याच्या कितीतरी नंतर येतं. तू बाबांची टीम सोडून परक्या टीमकडे गेलीस, असं तू स्वतःलाच इतकी वर्षं सांगत आलीस. जरा क्रम बघ. आधी दार लागलं, नंतर टीव्ही सुरू झाला.

बाबांच्या बाजूनंही थोडं बोलते, त्यांची वकिली करायला नव्हे. कोल्हापूरच्या फुटबॉलवर माझा जीव आहे, पण तिथल्या गॅलरीत काय चालतं तेही मला माहीत आहे. ईर्ष्येच्या सामन्यात आयाबहिणींवरून शिव्या, बाटल्या, दगड, मग पोलिसांच्या काठ्या, अर्ध्यावर थांबलेला खेळ. हुल्लडबाजीच्या बातम्या दर एकदोन हंगामांनी छापून येतातच. अकरा वर्षांच्या मुलीला तिथून दूर ठेवावं असं एखाद्या बापाला वाटलं, तर ते वाटणं मला समजतं. चूक ही, की बंदी मुलीवर आली. शिव्या देणारे जागच्या जागी राहिले. आणि दुसरी चूक, तुला कुणी समोर बसवून सांगितलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीला एवढंच कळलं की भाऊ चालला, मी नाही. ही गोष्ट तू बाबांना सांग. शनिवारी नको, फायनलच्या दिवशी त्यांचं चित्त थाऱ्यावर नसेल. रविवारी सकाळी चहाच्या वेळी सांग. 'मला तेव्हा फार लागलं होतं,' एवढं एक वाक्य पुरे. उत्तर आलं नाही तरी चालेल. कदाचित दोन तिकिटं हेच त्यांचं उत्तर असेल. गोलकीपर लोक बोलण्यात कच्चे असतात, असा माझा अनुभव आहे.

आता तुझ्या लिव्हरपूलबद्दल बोलू, कारण तुला ती टीम किती खोलवर माहीत आहे याचा मला पत्रावरून अंदाज येत नाही, आणि मला वाटतं उत्तराचा अर्धा भाग तिथंच आहे.

लिव्हरपूलचं ॲनफिल्ड मैदान आधी त्याच शहरातल्या एव्हर्टन क्लबचं होतं. मैदानाच्या भाड्यावरून आणि कारभारावरून क्लबमध्ये भांडण झालं, एव्हर्टनवाले चंबूगबाळं उचलून निघून गेले, आणि रिकामं मैदान हातात राहिलेल्या जॉन हौल्डिंगनं १८९२ मध्ये नवा संघ उभा केला, तो लिव्हरपूल. एव्हर्टननं नवं मैदान कुठं केलं? स्टॅनली पार्क नावाची एक बाग ओलांडली की पलीकडे. २०२५ पर्यंत ते तिथंच खेळले. एकाच घरात बाप एव्हर्टनचा निळा आणि मुलगा लिव्हरपूलचा लाल. हे वाचताना तुला काही ओळखीचं वाटतंय का? पाटाकडील आणि दिलबहार, शिवाजी तरुण आणि प्रॅक्टिस, खंडोबा आणि बालगोपाल, कोल्हापूरच्या या संघांचे वाद ऐकत वाढलेल्या मुलीला हा पेठेचाच मामला आहे हे लगेच कळायला हवं. तुझा जगप्रसिद्ध क्लब मुळात एका गल्लीच्या भांडणातून निघाला. मँचेस्टर युनायटेड म्हणजे १८७८ मध्ये रेल्वेच्या कामगारांनी काढलेला संघ. आर्सेनल म्हणजे १८८६ मधले दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार. तुमच्याकडे कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल हातात घेतला, तिकडे कारखान्यांनी आणि चर्चनी घेतला.

२०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या मालकांनी नव्या स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं. सामना संडरलँडशी होता. लिव्हरपूल २-० नं पुढे होतं. ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठले आणि शांतपणे बाहेर निघून गेले. अंदाज दहा हजारांचा सांगतात. त्यानंतर संडरलँडनं दोन गोल केले आणि सामना बरोबरीत सुटला. चारच दिवसांत मालकांनी माफी मागून तो बेत मागे घेतला. आपली टीम जिंकत असताना मैदान सोडून जायला किती जीव तुटला असेल, विचार कर. पण बाहेर पडायला आधी आत असावं लागतं. पुण्यातल्या खोलीत तू त्या मिनिटाला टीव्ही बंद केला असतास, तर मालकांना कळलंही नसतं.

मग १८ एप्रिल २०२१. युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग जाहीर केली. इंग्लंडचे सहा, त्यांत लिव्हरपूलही. त्या दिवसांत बातम्यांत एक गोष्ट आली होती, ती माझ्या मनातून जात नाही. ही योजना आखणाऱ्यांच्या बोलण्यात गावातल्या जुन्या प्रेक्षकांसाठी 'वारशाने आलेले चाहते' असा शब्द होता, आणि त्यांचं लक्ष होतं 'भविष्यातल्या चाहत्यां'वर. हे भविष्यातले चाहते म्हणजे कोण? तू. मी. पुणे, जकार्ता, लागोस. हिशेब असा होता की लांबच्यांना फक्त मोठी नावं एकमेकांसमोर दिसली की झालं. कोणत्या गावाची टीम आहे, कोण वर चढतं, कोण खाली घसरतं, याच्याशी त्यांना काय देणंघेणं.

त्या योजनेविरुद्ध सरकार, फुटबॉल संघटना, खुद्द खेळाडू, सगळेच उभे राहिले. पण पहिल्यांदा रस्त्यावर उतरले ते वारशाचे चाहते. चेल्सीच्या मैदानाबाहेर त्यांनी बस अडवली. लिव्हरपूलमध्ये 'स्पायन कॉप १९०६' नावाच्या गटानं कळवलं की कॉपमधले, म्हणजे ॲनफिल्डच्या एका गोलमागच्या स्टँडमधले, आमचे झेंडे आम्ही उतरवतो आहोत. टीव्हीवर सामना सुरू होण्याआधी जे झेंडे बघून तुझ्या अंगावर काटा येतो, ते क्लबचे नाहीत. शहरातली माणसं ते घरी शिवतात. दोन दिवसांच्या आत सहाही इंग्लिश क्लब मागे फिरले.

हे तुला कमी लेखायला सांगत नाहीये. तू ज्याच्यावर प्रेम करतेस ते फक्त अकरा जणांचं खेळणं नाही. तो गाण्याचा आवाज, ते झेंडे, हरल्यावरही टिकून राहणारी ती गर्दी, हे सगळं त्या गावच्या लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षं पावसात उभं राहून तयार केलं आहे. तू नेमकी त्यालाच भुललीस. आणि जे त्यांनी ॲनफिल्डवर केलं, तेच तुझ्या बाबांनी आणि त्यांच्या दोस्तांनी शाहू स्टेडियमच्या मातीत केलं. म्हणून मला तुझ्या दोन टीमांत भांडण दिसत नाही. एकीमुळे दुसरी कळते.

मोठ्या क्लबच्या सावलीत छोट्याचं काय होतं, हेही तुला माहीत असावं. मँचेस्टरच्या उत्तरेला ट्रामनं जाण्याइतक्या अंतरावर बेरी नावाचं गाव आहे. त्यांचा क्लब १८८५ चा. त्यांनी इंग्लंडचा मानाचा एफए कप दोनदा जिंकला, १९०० आणि १९०३ मध्ये. दुसऱ्या वेळी फायनल ६-० नं मारली. २०१९ च्या वसंतात ते वरच्या श्रेणीत चढले आणि त्याच ऑगस्टमध्ये पैशांच्या गैरकारभारामुळे त्यांना लीगमधून काढून टाकलं. प्रेक्षक कमी म्हणून बुडाला असं मी म्हणणार नाही, मालकांनी बुडवला. पण नंतर तो कुणी पुन्हा उभा केला? गावकऱ्यांनी. भांडले, दोन गटांत फुटले, पुन्हा एक झाले, आणि २०२३ मध्ये आपल्या जुन्या मैदानावर परतले. मँचेस्टर युनायटेडचे जगभरात कोट्यवधी चाहते आहेत. बेरीसाठी बेरीचीच माणसं लागली.

माझ्याही मनात एक गोष्ट सलते, ती तुला सांगते. लग्नानंतर माझं ऑफिस मुंबईत कूपरेजच्या मैदानापासून पाच मिनिटांवर होतं. महिंद्रा युनायटेड तिथं खेळायची. २००५-०६ मध्ये त्यांनी राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. त्या लीगच्या अकरा हंगामांत महाराष्ट्रातल्या संघानं ती एकदाच जिंकली, ती हीच. तेव्हा मी काय करत होते? जर्मनीतल्या २००६ च्या विश्वचषकाचं वेळापत्रक भिंतीला लावून ब्राझीलचे सामने मोजत होते. ऑफिस सुटल्यावर चर्चगेटकडे चालताना आतून आवाज यायचा, एकदम उसळायचा आणि शांत व्हायचा. गोल झाला की हुकला, हे मी फुटपाथवरून ओळखायचा प्रयत्न करायचे आणि लोकल चुकेल म्हणून पुढे जायचे. आत मी दोनदा गेले. फक्त दोनदा. २०१० मध्ये तो संघ बंद झाला. तो कंपनीचा निर्णय होता, माझ्या दोन तिकिटांनी काही बदललं नसतं. तरी ब्राझीलला माझी गरज कधीच नव्हती आणि त्यांच्यासाठी मी रात्री जागले, पाच मिनिटांवर जे होतं ते मात्र राहून गेलं, याची चुटपूट जात नाही. ब्राझीलवर प्रेम केल्याचा पश्चात्ताप मला होत नाही. फुटपाथवरून पुढे गेल्याचा होतो.

तेव्हा भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, हे मान्य कर. लिव्हरपूल तुला चहा पाजायला येणार नाही. उरलेलं अर्धं त्याच्या लक्षात आलेलं नाही: त्याला तालमीनं चहा पाजला, तुला पाजला नाही. तो पुढच्या वेळी उसनवारी म्हणाला की न चिडता विचार, 'पुढच्या सामन्याला मला नेशील का? तुझ्या दोस्तांच्या मधे बसेन.' तो गप्प झाला तर का गप्प झाला, ते त्यालाच कळू दे. आणि नेलं, तर तिथं पोरांच्या तोंडून शिवी निघाली की आधी कुणाची मान खाली जाते तेही त्याला बघू दे. गॅलरी सुधारायला पोलीस बंदोबस्त लागतो हे खरं, पण बहिणी, आया, लेकी तिथं रोज बसायला लागल्या तर बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर येतील असं मला मनापासून वाटतं. ही जबाबदारी मी तुझ्यावर टाकत नाहीये. तू फक्त एक फायनल बघायला चालली आहेस.

आता शनिवारचं बघू. स्वारगेटहून सकाळी लवकर निघ, म्हणजे दुपारी घरी जेवायला पोचशील. सामना चारच्या सुमाराला असेल, पण फायनलला गर्दी आधीपासून होते, तेव्हा तीनलाच आत जा. कुठं बसायचं ते बाबांशी आधी ठरव. दोन्ही बाजूंच्या समर्थकांच्या घोळक्यापासून लांब, शक्य तर मध्यरेषेजवळ. जुने खेळाडू बहुतेक एकत्र बसतात, बाबांचे दोस्त तिथं असतील आणि त्यांच्यात तुला कुणी वेडंवाकडं बोलणार नाही. तरीही तोंड फुटलेलं ऐकवेना झालं, तर हाफटाइमला उठून बाहेर या आणि गाड्यावर भडंग खा. परत आत जायचं की नाही ते तू ठरव, बाबा ऐकतील. लिव्हरपूलची जर्सी घालून जाऊ नकोस. लपवायची म्हणून नव्हे, त्या दिवशी तो रंग दुसऱ्या कुणाचा असू शकतो आणि फायनलला नसतं भांडण कशाला.

पहिली वीस मिनिटं तुला खेळ वाईट वाटेल. आधीच सांगून ठेवते. टप्पा विचित्र पडेल, पास चुकतील, लांब मारलेला बॉल सरळ बाहेर जाईल. तुझी नजर जगातल्या सगळ्यात चांगल्या गवतावरच्या, सगळ्यात महाग खेळाडूंच्या खेळावर तयार झालेली आहे. तिला थोडा वेळ दे. मग एक गोष्ट तुझ्या लक्षात येईल जी टीव्हीवर इतक्या वर्षांत दिसली नाही. कॅमेरा बॉलच्या मागे धावतो. मैदानावर बसलं की बॉल नसलेले एकवीस जण दिसतात. मागची फळी एकदम चार पावलं वर कधी सरकते, विंगर पळायच्या आधी खांदा कसा वाकवतो, आणि आपल्या बाजूनं आक्रमण चालू असताना दूर एकटा उभा असलेला गोलकीपर काय करतो. तो स्वस्थ नसतो. सारखा मागे-पुढे होत असतो, ओरडत असतो. बाबांकडे बघ, तेही बाकावर बसल्या जागी तसेच हलत असतील.

जे अकरा जण समोर पळत असतील त्यांची नावं बाबांना विचार. कुणाचा बाप त्यांच्याबरोबर खेळलेला असेल. कुणी सोमवारी गुजरीत दागिन्यांच्या पेढीवर बसेल, कुणी रिक्षा चालवेल, कुणी बारावीची परीक्षा देणार असेल. एखादा परदेशातून आलेला पाहुणा खेळाडूही असेल आणि पेठेतल्या बायका त्याला घरचं जेवायला घालत असतील. यातल्या कुणाला तरी उद्या वरची वाट सापडेलही. अनिकेत जाधव तुमच्या कोल्हापूरचाच, २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पण तसं झालं नाही तरी ज्यानं पेनल्टी हुकवली, तो तुला मंगळवारी भाजी मंडईत भेटणार आहे. लिव्हरपूलच्या एखाद्या खेळाडूनं हुकवली तर तू मोबाइलवर वाटेल ते लिहू शकतेस, त्याच्यापर्यंत पोचत नाही. इथं पोचतं. म्हणून इथं जपून बोलावं लागतं, आणि ते किती जण विसरतात ते गॅलरीत तुला ऐकू येईलच.

तुझ्या मनात दुसरी टीम असेल, असू दे. कुणी विचारलं तर खुशाल सांग, मी लिव्हरपूलची. तालमीतल्या जुन्या माणसांना खेळाचं वेड समजतं. त्यांच्यातला एखादा तरी तुला उलट विचारेल की मग त्या बार्सिलोनाच्या सामन्यात चौथा गोल कसा झाला, कॉर्नरला सगळे झोपले होते का? सांग त्यांना. कॉर्नर घ्यायच्या जागेपासून दूर चालल्यासारखं करून तो पोरगा कसा परत फिरला, ते नीट हातवारे करून सांग. तेवढ्यावर तुझी तिथली ओळख होऊन जाईल.

पुन्हा पुन्हा जावंसं वाटलं तर जा. नाही वाटलं तर या एका शनिवारवर थांब, मला त्यात काही गैर दिसत नाही. पण गेलीस तर एवढं लक्षात घे, की या दोन प्रेमांत वेळेचंसुद्धा भांडण नाही. तुमच्या तालमीचा सामना संपतो सहाला. हिवाळ्यात इंग्लंडात दुपारी तीनला जो सामना सुरू होतो तो आपल्याकडे रात्री साडेआठला दिसतो. मधे अडीच तास आहेत, त्यात घरी चालत येऊन पाय धुऊन जेवणसुद्धा होतं.

शनिवारी रात्री लिव्हरपूलचा सामना असला तर टीव्ही लाव आणि बाबांना दारात उभं राहू देऊ नकोस. २०१४ ला ते तिथं उभे होते, तू लिहिलं आहेस. मी ते दोनदा वाचलं. पाय घसरून चेंडू गेला की मागे उरलेल्या एकट्या गोलकीपरचं काय होतं, हे त्या घरात फक्त त्यांना माहीत होतं. तेव्हा ते का बोलले नाहीत, ते विचार. मग त्यांना शेजारी बसव, आवाज थोडा कमी कर, आणि समोर पेनल्टी आली की त्यांचं ऐक. पेनल्टी मारणाऱ्याचे डोळे बघायचे की कंबर, गोलकीपरनं आधी कोणत्या पायावर भार द्यायचा, आणि डाव्या हाताची करंगळी नेमकी कोणत्या बाजूला झेपावताना मोडली, ती बाजू त्यांनी का निवडली होती.